नदीच्या फायलीवर सही करणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

तुम्ही कुठल्या देशातले, कुठल्या खात्यातले, कुठल्या हुद्द्यावरचे ते मला माहीत नाही आणि त्यानं फारसा फरकही पडत नाही, कारण नदीची फाईल सगळीकडे साधारण सारखीच असते. कधी धरणाची, कधी काठाला भिंत घालायची, कधी पात्र सरळ आणि खोल करायची, कधी वाळू उपशाच्या परवान्याची, तर कधी या खोऱ्यातलं पाणी त्या खोऱ्यात न्यायची. ती फिरत फिरत तुमच्या टेबलावर येते, खाली तुमची सही होते, मग मशिनरी येते, आणि पुढची शंभर वर्षं त्या नदीचं आणि तिच्या काठच्या सगळ्या जिवांचं काय व्हायचं ते बऱ्यापैकी ठरून जातं. तुमच्या सहीत एवढी ताकद आहे म्हणून हे पत्र मंत्र्यांना नाही, कंत्राटदारांना नाही, तुम्हाला लिहितोय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. धरण दिसलं की विरोध, असा माझा पवित्रा नाही. पाणी लागतं, वीज लागते, पुरापासून माणसं वाचवावी लागतात. नाईलवरचं अस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं, आणि १९८० च्या दशकात नाईलच्या वरच्या भागातल्या देशांत भयानक दुष्काळ पडला तेव्हा इजिप्तला त्या साठ्यानंच तारलं, हे मान्य केलंच पाहिजे. माझं म्हणणं वेगळं आहे. तुमच्या फाईलमध्ये नदी म्हणजे फक्त पाणी असतं. किती दशलक्ष घनमीटर येतं, किती अडवायचं, किती सोडायचं, किती हेक्टर भिजणार, किती मेगावॅट मिळणार, बास. पण नदी पाण्याबरोबर गाळ नेते, वाळू-गोटे नेते, बिया नेते, जमिनीतलं मीठ धुऊन नेते, मासे तिच्यातून खाली-वर करतात, आणि वर्षातून एखाद्या वेळी ती पात्राबाहेर पसरून आजूबाजूची जमीन नव्यानं घडवते. ही कामं फाईलमध्ये नसतात म्हणून ती थांबली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात येतं तेव्हा वीस-तीस वर्षं गेलेली असतात, सही करणारा रिटायर झालेला असतो आणि निस्तरायला भलतीच माणसं बसलेली असतात.

गाळापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. प्रकल्पाचे अहवाल काढून बघा, पाण्यावर पानंच्या पानं असतात आणि गाळावर एखादा परिच्छेद, तोही जलाशय किती वर्षांत भरेल एवढ्यापुरता. गाळ खाली पोचला नाही तर खालच्यांचं काय होईल हे सहसा त्यात नसतंच.

डोंगरात दरड कोसळते, दगड ओढ्यात पडतो, पुरात गडगडत खाली येतो, झिजून त्याचा गोटा होतो, गोट्याची वाळू होते, वाळू बारीक होत जाते, आणि शेवटी तो गाळ समुद्राच्या तोंडाशी जाऊन बसतो. जगातले मोठमोठे त्रिभुज प्रदेश, म्हणजे डेल्टा, असे हजारो वर्षं कणाकणानं बनलेत. आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही जमीन मुळात भुसभुशीत, ती स्वतःच्या वजनानं दबत राहते, दरवर्षी थोडी थोडी खचते, आणि दरवर्षी वरून गाळाचा नवीन थर येतो म्हणूनच पाण्याच्या वर टिकते. धरणानं गाळ अडवला की खचणं काही थांबत नाही, फक्त भरपाई थांबते. अस्वानच्या आधी नाईल दरवर्षी दहा कोटी टनांहून जास्त गाळ खाली आणायची, आता तो जवळजवळ सगळा धरणामागच्या नासर जलाशयाच्या तळाशी बसतो. तिकडं डेल्टाचा किनारा समुद्र खातोय, नाईलच्या रोझेटा फाट्याच्या टोकाचा किनारा तर किलोमीटरच्या हिशोबात मागे हटलाय, आणि ज्या शेतांना पुराबरोबर फुकटात सुपीक माती मिळायची तिथं आता पोत्यातलं खत टाकावं लागतं.

आणि हे नुसतं जमिनीपुरतं राहिलं नाही. नाईलच्या पुराचं पाणी दरवर्षी भूमध्य समुद्रात जायचं, त्यातल्या पोषणद्रव्यांवर समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती फोफावायच्या आणि त्या खायला सार्डिन माशांचे थवे किनाऱ्याजवळ यायचे. १९६२ मध्ये इजिप्तच्या कोळ्यांना सुमारे १८ हजार टन सार्डिन मिळाले होते. मग धरणानं पूर अडवायला सुरुवात केली आणि ते दशक संपायच्या आत हा आकडा काहीशे टनांवर आला. कोळ्यांची जाळी तीच, होड्या त्याच, समुद्र तोच, फक्त हजारभर किलोमीटर लांब वाळवंटात एक भिंत उभी राहिली होती. पुढं १९८० च्या दशकात मासे बऱ्यापैकी परत आले, पण त्याचं कारण तज्ज्ञ सांगतात ते असं की शहरांचं सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेलं रासायनिक खत समुद्रात जायला लागलं होतं. म्हणजे पुराचं पोषण गेलं आणि त्याची जागा सांडपाण्यानं घेतली. धरण बांधताना त्या कोळ्यांपैकी कुणाचं नाव कुठल्या बाधितांच्या यादीत आलं असेल असं मला वाटत नाही. तुमच्या पुढच्या फाईलमध्ये बाधित कोण याची व्याख्या करताना पाण्याखाली जाणाऱ्या गावांवर थांबू नका, नदी जिथं समुद्राला मिळते तिथपर्यंत जा, एवढीच माझी विनंती आहे.

अमेरिकेतल्या मिसिसिपीचंही तसंच. वर उपनद्यांवर धरणं, खाली दोन्ही काठांना मैलोन्‌मैल भराव, त्यामुळं वरून गाळ कमी येतो आणि जो येतो तो आजूबाजूच्या पाणथळ जमिनीवर न पसरता थेट खोल समुद्रात जाऊन पडतो. शिवाय तेल कंपन्यांनी दलदलीतून कालवे खोदले ते वेगळंच, त्यातून खारं पाणी आत शिरलं आणि गवताची मुळं मेली. १९३० च्या दशकापासून लुइझियानाच्या किनाऱ्यानं सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावलीय. ही जमीन पुरात गेली नाही, बरीचशी पूर अडवल्यामुळं गेली.

बरं, गाळ अडवून जलाशयाला तरी काही फायदा आहे का, तर तोही नाही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ च्या सुरुवातीला जगभरातल्या सुमारे ५० हजार मोठ्या धरणांचा अंदाज मांडला, त्यानुसार २०५० पर्यंत मूळ साठवण क्षमतेच्या जवळजवळ पाव भाग गाळानं भरलेला असेल. म्हणजे जो गाळ खाली पाहिजे तो वर अडकून बसलाय आणि वर पाण्यासाठी केलेली जागा खातोय. दोन्हीकडं नुकसान. आणि धरणातून जे स्वच्छ पाणी खाली सुटतं त्याच्यात गाळ नसल्यामुळं ते मिळेल ते खरवडत सुटतं, पात्र खोल करतं, काठ पोखरतं, पुलांचे पाये उघडे पाडतं. तज्ज्ञ त्याला भुकेलं पाणी म्हणतात. पात्र खोल गेलं की शेजारच्या विहिरींची पातळीही खाली जाते, आणि मग त्या गावातली माणसं पाऊस कमी झाला असं म्हणत बसतात, कारण वरच्या धरणाचा आणि आपल्या विहिरीचा संबंध कुणी त्यांना सांगितलेलाच नसतो.

आता तुम्हाला एका ठिकाणी जरा थांबायला सांगतो. कुठल्याही वाहत्या नदीच्या उथळ भागात, जिथं पाणी खळखळतं, तिथं पाण्यातला एक गोटा उचलून उलटा करून बघा. खालच्या बाजूला चपटे, सहा पायांचे, शेपटीला दोन-तीन केसांसारखे तंतू असलेले किडे दगडाला घट्ट चिकटून सरपटताना दिसतील. बारीक वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या नळ्या दिसतील, त्या एका अळीनं स्वतःभोवती बांधलेल्या असतात. हे किडे पाण्यातला पालापाचोळा आणि शेवाळ खातात, त्यांना मासे खातात, ते मोठे होऊन पंख फुटून उडाले की त्यांना पक्षी, वटवाघळं आणि कोळी खातात. नदीचं सगळं घर त्या गोट्याखालच्या फटीत सुरू होतं. कितीतरी मासे अंडीसुद्धा अशा गोट्यांच्या फटींत घालतात, सॅमन माशाची मादी तर शेपटीनं गोटे बाजूला सारून खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे पसरते, म्हणजे फटींतून गार, ताजं पाणी अंड्यांवरून वाहत राहील. मग तिथं काय होतं, वरचं जंगल तोडलं किंवा रस्त्याचा राडारोडा नदीत ढकलला की बारीक माती येऊन त्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. धरण बांधलं की उलट, बारीक गोटे वाहून जातात, नवीन येत नाहीत, आणि तळाशी फक्त मोठमोठे धोंडे उरतात जे कुठल्याच माशाला हलवता येत नाहीत. जेसीबी घालून पात्र साफ केलं तर तो थरच जातो. वरून बघणाऱ्याला तिन्ही ठिकाणी नदी वाहतानाच दिसते. पाण्याचा आकडाही तिन्ही वेळा तोच भरू शकतो. म्हणून म्हणतोय, नुसता पाण्याचा आकडा बघून नदी जिवंत आहे की नाही ते कळत नाही.

अमेरिकेच्या वायव्येला एल्वा नावाची नदी आहे. तिच्यावर १९१३ आणि १९२७ मध्ये दोन धरणं बांधली, खालच्या धरणाला माशांना वर जायला जिनासुद्धा केला नाही, तसा कायदा असूनही. समुद्रातून येणारे सॅमन जवळजवळ शंभर वर्षं त्या भिंतीपाशी येऊन अडत राहिले, शेवटचे सातआठ किलोमीटर पात्र तेवढं त्यांच्या वाट्याला. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणं पाडली. मागे साठलेला कोट्यवधी घनमीटर गाळ खाली सुटला, पहिली काही वर्षं नदी नुसती चहाच्या रंगाची वाहत होती आणि लोक काळजीत होते, पण तो गाळ मुखाशी साठून तिथं वाळूचा नवा किनारा तयार झाला, जिथं आधी फक्त गोटे उरले होते. सॅमन जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर गेले. शंभर वर्षांचं अडलेलं काम नदीनं थोड्या वर्षांत हातात घेतलं. हे मी आशावाद म्हणून सांगत नाहीये, नदीला काय लागतं याचा तो पुरावा आहे: वाट आणि गाळ, बाकी बरंचसं ती स्वतः करते.

पुराबद्दल बोलायचं तर तुमच्या फायलींमध्ये पूर म्हणजे शत्रू असतो. समजू शकतो, पुरात माणसं मरतात, घरं जातात. पण पात्राच्या दोन्ही बाजूंची सखल जमीन ही नदीचीच असते, ती पूर येतो तेव्हा वापरते आणि बाकी वर्षभर मोकळी सोडते, आणि मोकळी दिसते म्हणून आपण तिथं वस्ती करतो, मग वस्ती वाचवायला भिंत बांधतो, भिंत बांधली म्हणून आणखी लोक निर्धास्तपणे राहायला येतात, आणि भिंतीमुळं अरुंद झालेल्या पात्रात पाण्याची पातळी आणखी चढते, आणि तेच पाणी जास्त जोरात खालच्या गावावर जाऊन आदळतं. मग खालचं गाव भिंत मागतं. तुमच्याकडं दुसरी फाईल येते. याला अंत नाही.

फ्लोरिडातल्या किसिमी नदीची गोष्ट तुमच्यापैकी इंजिनियर असलेल्यांना माहीत असेल. पुराचा बंदोबस्त म्हणून १९६२ ते १९७१ मध्ये १६६ किलोमीटर वळणावळणानं वाहणारी ती नदी कापून ९० किलोमीटरचा सरळ, नऊ मीटर खोल कालवा केला. कागदावर काम यशस्वी, पाणी झटक्यात निघून जायला लागलं. पण काठची दलदल वाळली, हिवाळ्यात येणारी बदकं आणि पाणपक्षी नव्वद टक्क्यांहून जास्त घटले, आणि पूर्वी दलदलीत गाळलं जाणारं पाणी घाणीसकट सरळ खालच्या तळ्यात जायला लागलं. काम पूर्ण होतंय न होतंय तोवर लोक म्हणायला लागले की आमची नदी परत द्या. शेवटी कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणं परत आणायचं काम १९९९ मध्ये सुरू झालं आणि २०२१ मध्ये संपलं, नदी सरळ करायला जेवढे पैसे लागले होते त्याच्या कितीतरी पट पैसे वाकडी करायला लागले, आणि तरी सगळी नदी परत आली नाही, मधला एक भागच आला. पाणी आलं तसे पक्षी मात्र परत आले.

नेदरलँड्सच्या लोकांइतका पाण्याशी झगडा दुसऱ्या कुणी केला नसेल, भिंती आणि बांध त्यांच्या रक्तात आहेत. १९९५ च्या पुरात तिथं सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडून जावं लागलं, त्यानंतर त्यांनी भिंती नुसत्या उंच करत बसायचं नाही असं ठरवलं आणि नदीला जागा द्यायचा कार्यक्रम घेतला. तीसहून जास्त ठिकाणी बांध मागे सरकवले, पूरमैदानं खोल केली, बाजूनं नवीन पात्रं काढली. नायमेखेन शहरात वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे नेला, त्यासाठी काही घरं पाडावी लागली, लोकांनी विरोध केला, चर्चा झाल्या, आराखडे बदलले, आणि काम झालं. हे सोपं नव्हतं आणि स्वस्तही नव्हतं. पण जो देश बांधांवर उभा आहे तो जर मागे सरकू शकतो तर आमच्याकडं जागाच नाही हे उत्तर बाकीच्यांनी देताना निदान एकदा नकाशा उघडून बघावा. आणि जिथं अजून वस्ती झालेलीच नाही तिथं तर काहीच पाडायचं नाहीये, फक्त परवानगी द्यायची नाहीये. यापेक्षा स्वस्त पूरनियंत्रण कुठलंच नाही.

वाळूबद्दल थोडक्यात लिहितो, कारण या विषयावर जे चालतं ते लिहायला वेगळं पत्र लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालात जगभरात वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते असं म्हटलंय. वाळवंटातली वाळू वाऱ्यानं घासून गोल झालेली असते, काँक्रीटमध्ये ती नीट धरत नाही, म्हणून नदीच्या वाळूवर सगळ्यांचा डोळा. नदी वर्षभरात जेवढी वाळू आणते त्यापेक्षा जास्त उपसली तर पात्र खोल जाणारच, हा साधा जमाखर्च आहे, पण परवाना देताना खर्चाची बाजू ब्रासमध्ये मोजली जाते आणि जमेची बाजू मोजलीच जात नाही. व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या डेल्टात वर धरणांनी गाळ अडवला आणि खाली ड्रेजरनी वाळू उपसली, दोन्हीकडून मार बसला, पात्र खाली गेलं आणि समुद्राचं खारं पाणी कोरड्या ऋतूत पूर्वीपेक्षा आत घुसायला लागलं, भातशेतीपर्यंत. तिथला शेतकरी ना धरण बांधायला गेला होता ना वाळू विकायला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत, त्याला आता मीठ सहन करणारं बियाणं घे म्हणून सांगतात.

मध्य आशियातल्या अरल समुद्राचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. १९६० मध्ये तो जगातला चौथ्या क्रमांकाचा मोठा तलाव होता, ६८ हजार चौरस किलोमीटरचा. त्याला पाणी देणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या सोव्हिएत नियोजनकारांनी कापसाच्या शेतीसाठी वळवल्या. मला यात सगळ्यात जास्त लागतं ते हे की समुद्र आटणार हे त्यांना ठाऊक होतं. हिशोब झाला होता, समुद्रापेक्षा कापूस जास्त किमतीचा ठरला होता. पण हिशोबात फक्त मासेमारीचं नुकसान धरलं होतं. उघड्या पडलेल्या तळावरचं मीठ आणि शेतातून वाहून आलेली कीटकनाशकं वाऱ्याबरोबर उडून लोकांच्या छातीत जातील हे धरलं नव्हतं. एवढं मोठं पाणी गेल्यावर आसपासचा उन्हाळा जास्त कडक आणि हिवाळा जास्त थंड होईल, ज्या शेतीसाठी हे केलं तिचाच हंगाम आखूड होईल, हेही धरलं नव्हतं. मुयनाक नावाच्या बंदरात मासळी डबाबंद करायचा मोठा कारखाना होता, समुद्र मागे गेल्यावर तो चालू ठेवायला दूरदूरच्या समुद्रांतून गोठवलेली मासळी रेल्वेनं आणली गेली. २०१४ मध्ये अरल समुद्राचा पूर्वेकडचा भाग आधुनिक काळात पहिल्यांदा पूर्ण कोरडा पडला. उत्तरेकडचा छोटा तुकडा मात्र कझाकस्ताननं २००५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं एक बांध घालून वाचवला, पाण्याची पातळी चढली, खारटपणा उतरला, मासे आले, मासेमारी पुन्हा सुरू झाली. म्हणजे इथं बांधानंच वाचवलं. म्हणून मी पुन्हा सांगतो, माझं भांडण सिमेंटशी नाही, अर्धवट हिशोबाशी आहे.

आपण किती मोठ्या प्रमाणावर हे सगळं हलवतोय याची कल्पना यायला दोनच गोष्टी सांगतो. कोयनेचं धरण भरायला लागल्यावर तिथं धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, जलाशयामुळं घडून आलेल्या भूकंपांत तो जगातला सगळ्यात मोठा मानला जातो. दुसरी गोष्ट, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९९३ ते २०१० या काळात माणसानं जमिनीतून उपसलेल्या पाण्यामुळं पृथ्वीचा फिरण्याचा अक्ष सुमारे ८० सेंटीमीटरनं सरकलाय. पाणी इकडून तिकडं नेणं हे आता एका खोऱ्यापुरतं काम राहिलेलं नाही. १,००० किलोमीटरहून लांब असलेल्या नद्यांपैकी आज फक्त ३७ टक्के नद्या पूर्ण लांबीभर न अडता वाहतात, हे २०१९ च्या एका जागतिक अभ्यासात निघालं. या मोकळ्या उरलेल्या नद्यांवर जी सही होईल ती या ३७ टक्क्यांमधून वजा होणार आहे, हे सही करणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

आणि काही वजाबाकी परत होत नाही. चीनमधल्या यांगत्से नदीत बैजी नावाचा गोड्या पाण्यातला डॉल्फिन होता, जवळजवळ आंधळा, आवाजावर वाट काढणारा. धरणं, बोटींची वर्दळ, गळ लावून होणारी मासेमारी, प्रदूषण, सगळं एकदम त्याच्यावर आलं. २००६ च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी त्या नदीत शेकडो किलोमीटर दुर्बिणी आणि पाण्यातले माईक घेऊन शोध घेतला, एकही सापडला नाही. तिथल्या कुठल्याच एका फाईलमध्ये बैजी संपवायचा असं लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक फाईल आपापल्या जागी थोडंसंच नुकसान दाखवत होती. म्हणून एकेका प्रकल्पाचा वेगळा अहवाल मला पटत नाही, अख्ख्या खोऱ्याचा एकत्र अहवाल हवा, आधी झालेलं नुकसान त्यात जमा धरून.

आता मागणं सांगतो. नवीन काहीही मंजूर करण्याआधी त्या नदीचा गाळ निदान काही वर्षं मोजा, पूर आलेल्या दिवसांतसुद्धा, कारण वर्षभराचा बहुतेक गाळ त्या थोड्या दिवसांतच जातो आणि नेमकं तेव्हाच मोजणी बंद असते. मासे कुठले आहेत, कधी वर जातात, कुठं अंडी घालतात हे तिथल्या कोळ्यांना विचारून लिहून घ्या, त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं आणि त्यांना सहसा कुणी विचारत नाही. धरणाला तळाशी गाळ सोडायची दारं ठेवा आणि ती खरंच उघडा. वर्षातून एकदा तरी छोटा पूर मुद्दाम सोडा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरणातून १९९६ पासून असे प्रयोग झालेत आणि खाली वाळूचे किनारे पुन्हा बनलेले दिसलेत, टिकवायला मात्र ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. आणि हा सगळा डेटा लोकांसमोर ठेवा, कुलुपात नको.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात राहून जाणारं. जगात आज सुमारे ५८ हजार मोठी धरणं आहेत आणि त्यातली कितीतरी पन्नाशी ओलांडलेली आहेत. सिमेंटला वय असतं, जलाशयाला वय असतं, पण फाईलमध्ये धरण कधी आणि कसं काढायचं, त्याचे पैसे कोण देणार, यावर एक ओळ नसते. १९७५ च्या ऑगस्टमध्ये चीनमधलं बांचियाओ धरण वादळी पावसात फुटलं आणि हजारो माणसं गेली, जुनी आणि कमी पडणारी धरणं हा नुसता निसर्गाचा प्रश्न नाहीये. उलट अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवर २०२३-२४ मध्ये चार धरणं ठरवून, नियोजन करून काढली, त्यासाठी तिथल्या आदिवासी जमातींनी वीसेक वर्षं लढा दिला होता, आणि काम संपल्यावर काही आठवड्यांतच चिनूक सॅमन शंभराहून जास्त वर्षांनी वरच्या भागात, ऑरेगॉनमध्ये पोचलेले दिसले. तेव्हा यापुढं प्रत्येक नव्या बांधकामाच्या फाईलला काढून टाकायचा आराखडा आणि त्याची वेगळी ठेव जोडलेली असल्याशिवाय सही करू नका, आणि जुन्या धरणांची यादी काढून कुठली ठेवायची, कुठली दुरुस्त करायची, कुठली पाडायची हे खोऱ्यातल्या लोकांना बोलावून ठरवायला सुरुवात करा. पहिली यादी वर्षभरात जाहीर करता येईल, त्यासाठी नवीन कायदा लागत नाही, असलेली कागदपत्रं एकत्र करायची आहेत.

कळावे,
एक नागरिक